स्ट्रेटनिंगचा टचअप लांबवायचाय? केस न तुटता कसा लांबवायचा ते सगळं एकाच जागी

हे कोणासाठी लिहितेय, तर ज्यांनी रिलॅक्सर, रिबॉन्डिंग, स्मूदनिंग असं केस कायमचे सरळ करणारं काहीतरी करून घेतलंय, मुळाशी आता नवीन केस डोकावायला लागलेत, आणि त्या नवीन केसांना परत केमिकल लावून सरळ करायचं, म्हणजे टचअप, ते एवढ्यात करायचं नाहीये. कारण काहीही असो, पैसे असोत, मागच्या वेळी टाळूची झालेली आग असो, बाळाचा विचार चाललेला असो नाहीतर चार तास खुर्चीत बसायचा नुसता कंटाळा. पार्लरवाली ताई तर विचारणारच, "बाय, सहा महिने झाले गो, टचअप कधी करतेस?" तिचा धंदा आहे तो, तिला दोष नाही. पण घाई नसेल तर लांबवता येतं, आणि नीट लांबवलं तर केस उलट जास्त चांगले राहतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. केसाचा कणा म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन, आणि त्याला आकार देतात त्यातले सल्फरचे बंध. स्ट्रेटनिंगचं केमिकल हेच बंध तोडतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर आता एकाच केसात दोन प्रकारचा केस आहे, खाली केमिकल खाऊन कमजोर झालेला सरळ केस आणि वर मुळाशी नवीन, धट्टाकट्टा, कुरळा किंवा वेव्ही केस. दोघांचा ताण वेगळा, पाणी प्यायची रीत वेगळी. जिथे हे दोघं जोडलेले आहेत तो सांधा, आणि बहुतेक केस तिथेच तुटतात. मी पुढे सारखं सांधा सांधा म्हणणार आहे ते याला.

१. तुमच्या केसांना नक्की काय लावलंय ते शोधून काढा

"स्ट्रेटनिंग केलं" एवढ्यावर भागत नाही. पार्लरला फोन करा, ट्यूबचा किंवा डब्याचा फोटो मागा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. साधारण तीन घराणी आहेत.

अमोनियम थायोग्लायकोलेट किंवा नुसतं थायो असं काही लिहिलेलं असेल तर ते रिबॉन्डिंग-स्मूदनिंगवालं. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, आपल्या गोव्यात बहुतेक पार्लरमध्ये हेच चालतं. यात बंध तोडतात, केस इस्त्रीने सरळ करतात आणि मग न्यूट्रलायझर लावून बंध परत जोडतात, त्या न्यूट्रलायझरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं.

सोडियम हायड्रॉक्साइड, लिथियम हायड्रॉक्साइड, ग्वानिडीन असं लिहिलेलं असेल तर तो खरा रिलॅक्सर. हा मुख्यतः अगदी घट्ट कुरळ्या, आफ्रिकन पद्धतीच्या केसांसाठी बनवलेला, खूप जास्त अल्कली, पीएच १२ च्या वर. यात तुटलेले बंध पूर्वीसारखे परत जुळत नाहीत, त्या जागी वेगळाच बंध तयार होतो, म्हणून तो केस कापून जाईपर्यंत तसाच.

तिसरं म्हणजे केराटिन ट्रीटमेंट, बोटॉक्स, ब्राझिलियन वगैरे नावांनी जे विकतात ते. ते कायमचं नसतं, काही महिन्यांत धुऊन जातं, त्यामुळे सांध्याचा त्रास त्यात कमी. पण त्यात फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असू शकतं, त्यावर शेवटी बोलू.

हे शोधायचं मुख्य कारण असं की पहिलं आणि दुसरं घराणं एकमेकांचे वैरी आहेत. हायड्रॉक्साइड लावलेल्या केसावर थायो किंवा थायोवर हायड्रॉक्साइड पडलं तर केस ओल्या शेवयांसारखे हातात येतात. पार्लर बदलताना सगळ्यात मोठा सापळा हाच, नवीन ठिकाणी कोणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. फोनमध्ये एक नोट करून ठेवा, प्रॉडक्टचं नाव, तारीख, कुठपर्यंत लावलं, आणि अधेमधे कलर किंवा मेहंदी केली असेल तर तेही.

२. कॅलेंडर बाजूला ठेवा, शाळेतली पट्टी घ्या

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. सगळ्यांचे सारखे नाही वाढत, म्हणून "तीन महिने झाले" "सहा महिने झाले" याला फारसा अर्थ नाही. कपाळाच्या वर, कानामागे आणि मानेजवळ, तीन ठिकाणी केस ओले करून नवीन केस हलकेच ताणून पट्टीने मोजा. ओले कशाला, तर ओल्या केसात सांधा स्पष्ट दिसतो, वर नागमोडी आणि खाली एकदम सरळ.

हायड्रॉक्साइडवाल्यांना पार्लर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी बोलावतात. नीट काळजी घेतली तर १६ आठवड्यांपर्यंत आरामात जाता येतं, पुढे गुंत्यावर अवलंबून. थायोवाल्यांना सहा महिन्यांनी बोलावतात, आणि ज्यांचे मूळचे केस वेव्ही आहेत, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणी, त्या वर्षभर किंवा जास्तही काढू शकतात. माझं मत विचाराल तर नवीन केस निदान ५ सेंटीमीटर झाल्याशिवाय थायोच्या टचअपला बसूच नये. त्याहून कमी असले तर इस्त्री टाळूच्या फार जवळ जाते, क्रीम हमखास खालच्या जुन्या केसांवर उतरतं आणि एकाच केसाला दोनदा केमिकल बसतं. तुटायचं खरं मूळ हे दोनदा बसणंच आहे. टचअप लांबवायचा फायदाही तोच, जुन्या केसावर परत क्रीम जायचा चान्स कमी होतो.

वरची मर्यादा कशी ठरवायची? गुंता सोडवायला लागणारा वेळ आणि कंगव्यात येणारे तुटके तुकडे. दोन्ही आठवड्यागणिक वाढत चाललेत आणि खालचं सगळं करूनही कमी होत नाहीयेत, तर मग एक तर टचअप करा नाहीतर लांबी कमी करा. हट्टाने ताणत बसायचं नाही.

३. सामान काय काय लागेल

महागड्या किटची गरज नाही, यातलं निम्मं घरात असतं:

- रुंद दातांचा कंगवा, दातांच्या मधे शिवण नसलेला. प्लास्टिकच्या स्वस्त कंगव्याला मधे धारदार कड असते, बोट फिरवून बघा
- केस भागात वाटायला चार मोठ्या क्लिप्स
- पाण्याची स्प्रे बाटली
- सल्फेट नसलेला शॅम्पू, आणि महिन्यातून एकदा वापरायला एक क्लॅरिफाइंग किंवा चिलेटिंग शॅम्पू, म्हणजे केसांवर साचलेला थर, पाण्यातलं लोह वगैरे काढणारा
- घसरडा, दाट कंडिशनर, भरपूर. हा मात्र मोठ्या बाटलीत घ्या, काटकसर इथे करू नका
- एक मॉइश्चरवाला मास्क आणि एक प्रोटीनवाला, ज्यावर हायड्रोलाइज्ड केराटिन किंवा हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन असं लिहिलेलं असेल
- सिलिकॉनचं सीरम, डायमेथिकोन वगैरे
- घाण्याचं खोबरेल तेल
- जुना सुती टीशर्ट किंवा पंचा, सॅटिनची उशीची खोळ, कापडी स्क्रंची

काळा रबर बँड आणि दाट दातांची फणी आजपासून बंद. फणी देवाला वाहा.

४. न्हाणं

धुवायच्या आधी अर्धा-पाऊण तास खोबरेल लावा, मुळांना कमी आणि लांबीला जास्त. खोबरेलच का? कारण त्यातलं लॉरिक अ‍ॅसिड केसाच्या आत शिरतं आणि धुताना केस पाण्याने जे फुगतो आणि त्यातलं प्रोटीन निघून जातं ते कमी होतं. सूर्यफुलाचं तेल, मिनरल ऑइल हे काम करत नाहीत, ती वरवरच बसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणा की घराजवळच्या घाण्यावरून, वास ताजा पाहिजे एवढंच. पण रात्रभर टाळूला थापून झोपायची आपली जुनी सवय असेल तर कोंडा होणाऱ्यांनी ती सोडा, कोंड्याच्या बुरशीला तेलातले फॅटी अ‍ॅसिड आवडतात आणि आपल्या दमट हवेत ती जोरात वाढते. खाजवलं की टाळूला जखम, आणि जखमेवर पुढे केमिकल लावता येत नाही.

पाणी कोमट. भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या हंड्यातलं कढत पाणी तांब्याने सरळ डोक्यावर ओतायचं नाही, कितीही पाऊस पडत असला आणि कितीही बरं वाटत असलं तरी. केस आंबाड्यासारखे डोक्यावर गोळा करून घासायचे नाहीत, चार भाग करून सैल वेणीत बांधून घ्या, शॅम्पू मगात पाण्यात पातळ करा आणि फक्त टाळूवर बोटांच्या पेरांनी लावा, लांबीला खाली वाहणारा फेस पुरतो. आठवड्यातून एक-दोनदा. शिकेकाईची पूड वापरणाऱ्यांना सांगते, स्ट्रेटनिंगच्या केसात ती नको, खरखरीत कण सांध्याच्या वेव्हमध्ये अडकतात आणि ते काढताना केस जातात. उकळून गाळून घेतलेलं पाणी चालेल.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर बघा बादलीला लालसर डाग पडतो का. आपल्या जांभ्या दगडाच्या मातीत लोह असतं, ते केसांवर बसत जातं आणि केस खरबरीत होतात. म्हणून तो महिन्यातून एकदाचा चिलेटिंग शॅम्पू. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यालाही तोच उपाय.

५. गुंता, म्हणजे खरी परीक्षा

बाकी सगळं थोडंफार चुकलं तरी चालतं, इथे चुकलं की केस गेले. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि तेवढाच लवकर तुटतो, त्यात सांधा म्हणजे विचारूच नका. म्हणून हे काम कामावर जायच्या घाईत, बस चुकेल म्हणून करायचं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर निवांत बसा.

शॅम्पू धुतल्यावर पाणी हाताने दाबून काढा, पिळू नका. मधून भांग पाडा आणि मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा, असे चार भाग, तीन क्लिपमध्ये बांधून ठेवा. एका भागातून दोन बोटं जाडीची बट घ्या आणि कंडिशनर एवढा लावा की केस मासळीसारखे हातातून निसटले पाहिजेत. आता सांध्याच्या थोडं खाली, म्हणजे टोकांच्या बाजूला, ती बट अंगठा आणि तर्जनीत घट्ट पकडा. पकड सोडायची नाही, कंगव्याचा जो ओढा येईल तो तुमच्या बोटांवर थांबला पाहिजे, सांध्यापर्यंत पोचता कामा नये. मग आधी नुसत्या बोटांनी टोकापासून सुरुवात करून वर वर या, नंतर कंगवा, तोही टोकापासूनच. खाली सगळं मोकळं झाल्यावर पकड मुळाशी न्या आणि सांध्याचा भाग फक्त बोटांनी उलगडा. गाठ लागली तर ओढायची नाही, अजून कंडिशनर, आणि गाठीतले केस एकेक करून बाजूला. अगदीच सुटत नसेल तर बारीक कात्रीने ती एवढीशी गाठ कापा, ओढून दहा केस तोडण्यापेक्षा बरं.

झालेली बट पिळा देऊन क्लिपमध्ये अडकवा म्हणजे परत दुसऱ्यांत गुंतणार नाही, मग पुढची. सगळं झाल्यावर केस वेगळे वेगळे भाग ठेवूनच धुवा.

टॉवेलने घसाघसा पुसणं बंद, टीशर्टात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा. आणि ओले केस बांधून झोपू नका, पावसात ते सकाळपर्यंत वाळत नाहीत, वास येतो आणि टाळूही खराब होते.

६. कधी मॉइश्चर, कधी प्रोटीन

लोक इथे गोंधळतात, सगळे प्रोटीन प्रोटीन करतात म्हणून दर आठवड्याला प्रोटीन लावतात आणि मग केस काडीसारखे कडक होऊन तुटतात. ढोबळ टेस्ट सांगते. गळलेला एक ओला केस दोन्ही हातांनी हलकेच ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर सगळं ठीक. न ताणताच टक्कन तुटला तर मॉइश्चर पाहिजे. रबरासारखा लांबच लांब ताणला गेला, परत आलाच नाही, लगद्यासारखा लागला तर प्रोटीन पाहिजे.

साधारण मॉइश्चर मास्क आठवड्याला एकदा २० मिनिटं, शॉवर कॅप घालून. प्रोटीन चार ते सहा आठवड्यांनी एकदा आणि त्याच्यानंतर लगेच मॉइश्चर, हे चुकवायचं नाही. मास्क सांध्यावर बोटांनी नीट चोळून लावा, सगळ्या जणी टोकांना थापतात आणि सांधा कोरडाच राहतो.

अंड्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच. अंड्यातलं प्रोटीन आकाराने मोठं असतं, ते केसात शिरत नाही, वरवर बसतं आणि धुऊन जातं, वर न्हाणीघरात दोन दिवस वास. त्याचं ऑम्लेट पावाबरोबर खा, केसांना तसाच जास्त फायदा.

७. दोन प्रकारचे केस एकसारखे कसे दिसतील

सगळ्यात जास्त मोह होतो तो मुळं रोज स्ट्रेटनरने सरळ करायचा. उलटं करा. वरचे सरळ करण्यापेक्षा खालचे वेव्ही करा, म्हणजे फरक आपोआप लपतो. केस जवळजवळ पूर्ण वाळल्यावर दोन सैल वेण्या घाला, टोकं फोमच्या रोलरवर गुंडाळा, सकाळी सोडा, बोटांनी मोकळे करा, सीरमचे दोन थेंब. झालं, दिवसभर बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम वेव्ह्ज केलेत.

बाकी दिवस सैल अंबाडा, सैल वेणी, क्लचर. भांग सारखा बदलत राहा म्हणजे ताण एकाच ओळीवर येत नाही. कपाळाच्या आणि कानशिलाच्या केसांना रोज घट्ट पोनीटेलमध्ये ओढलं तर तिथले केस मुळापासून विरळ होतात, आणि फार वर्षं तसं केलं तर परत येतही नाहीत.

चवथीला, लग्नाला, जत्रेला अबोलीची किंवा जायांची फाती, म्हणजे गजरा, माळायची असतेच. माळा की, कोण नाही म्हणतंय. फक्त आकडा सांध्यात खुपसू नका, अंबाड्याच्या खालच्या बाजूला, जिथे केसांचे दोन-तीन थर आहेत तिथे अडकवा, आणि काढताना आधी आकडे काढायचे मग फुलं, फाती ओढून काढायची नाही. हेअरस्प्रे मारून मारून कडक केलेला ब्रायडल अंबाडा असेल तर रात्री कोरडाच विंचरायला बसू नका, कंडिशनर आणि पाणी लावून मगच सोडवा.

८. पाऊस, हेल्मेट, समुद्र

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत एवढा दमटपणा असतो की कपडे वाळत नाहीत, तर केस कुठून ऐकणार. हवेतलं पाणी केसात शिरलं की नवीन केस फुगतो, जुना तसाच लोंबतो, आणि तुम्हाला वाटतं आता टचअपशिवाय गत्यंतर नाही. थांबा, ऑक्टोबरात हेच केस बरे दिसतात. पावसाळ्यात ग्लिसरीन पहिल्या तीन-चार नावांत असलेलं लीव्ह-इन (लावून न धुता तसंच ठेवायचं क्रीम) टाळा, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. सिलिकॉनचं सीरम वापरा, ते वरून पातळ थर देतं.

स्कूटरवाल्या आपण सगळ्याच. हेल्मेट तर घालायचंच, पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसलात तरी, पण त्याच्या खाली उंच पोनी नको, मानेजवळ सैल वेणी घाला आणि डोक्याला सॅटिनचा किंवा मऊ सुती स्कार्फ बांधून वर हेल्मेट. वेणीचं टोक जॅकेटच्या आत, नाहीतर वाऱ्याने टोकं तुटून जातात.

समुद्रात किंवा स्विमिंग पूलमध्ये उतरायच्या आधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा आणि कंडिशनर लावून वेणी घाला, आधीच पाणी प्यायलेला केस खारं किंवा क्लोरीनचं पाणी कमी ओढतो. बाहेर आल्यावर लगेच धुवा, पाळोळेच्या किनाऱ्यावरून घरी येईपर्यंत मिठात वाळवू नका.

९. इस्त्री आणि ड्रायर

आठवड्यातून एकदाच्या वर नको. हीट प्रोटेक्टंट लावून, १८० डिग्रीच्या खाली, एका बटेवरून एकदाच. केस शंभर टक्के कोरडे असले पाहिजेत, ओलसर केसावर इस्त्री फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुड्यासारख्या पोकळ्या पडतात, चर्र आवाज आला की समजा. ड्रायर थंड किंवा कमी गरम हवेवर, हातभर लांबून.

१०. गळतायत की तुटतायत?

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, कंगव्यात पुंजका बघून लगेच घाबरू नका. तो पुंजका पांढऱ्या टॉवेलवर पसरा आणि उजेडात बघा.

एका टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे? तो मुळापासून गळलेला, त्याचं वय झालेलं. ठिपका नाही, तुकडा लांब आहे आणि जवळजवळ सगळा सरळ आहे? तो सांध्यावर तुटला, म्हणजे स्टेप पाच आणि सहा परत वाचा आणि केस बांधायची पद्धत बघा. ठिपका नाही आणि नुसते सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचे सरळ तुकडे? ती टोकं झिजतायत, दर आठ-दहा आठवड्यांनी सेंटीमीटरभर ट्रिम करा. "केस वाढवतेय म्हणून कापत नाही" असं म्हणणाऱ्यांचे केस वाढतात वरून आणि संपतात खालून, लांबी तिथल्या तिथेच.

ठिपकेवाले केसच मूठमूठ येत असतील तर त्यात स्ट्रेटनिंगचा संबंध नसेलही, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्या आणि स्किनच्या डॉक्टरला दाखवा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्किनची ओपीडी आहे. टाळूला फोड, खपल्या, गोल चट्टे असतील तर घरगुती उपाय करत बसू नका.

११. मधल्या काळात काय करायचं नाही

ब्लीच, हायलाइट्स, ग्लोबल कलर, काही नको. पांढरे केस झाकायचे असतील तर अमोनिया-पेरॉक्साइड नसलेलं टचअप स्टिक किंवा पावडर चालते. काळी मेहंदी म्हणून पाकिटं मिळतात त्यात बऱ्याचदा केमिकल डाय असतो आणि काहींत धातूचे क्षार, हे क्षार नंतर न्यूट्रलायझरमधल्या पेरॉक्साइडशी रिअ‍ॅक्ट होऊन केस जाळू शकतात. लावली असेल तर पार्लरमध्ये लपवू नका.

आणि दोन टचअपच्या मधे "नुसतं पुढच्या केसांना थोडं मारून देते" म्हणून कोणी सांगितलं तरी हो म्हणू नका. पुढचे केस सगळ्यात नाजूक, वारंवार केमिकल त्यांनाच बसतं.

१२. शेवटी टचअपला जाल तेव्हा

आठवडाभर आधी एक प्रोटीन आणि त्यावर मॉइश्चर. दोन-तीन दिवस आधीपासून तेल नाही. हायड्रॉक्साइडवाल्यांनी आदल्या दिवशी डोकं धुवायचं नाही आणि खाजवायचं तर अजिबात नाही, टाळूचा नैसर्गिक तेलकटपणा तेवढाच आधार. टाळूला जखम असेल तर तारीख पुढे ढकला, लग्न कोणाचंही असो.

खुर्चीत बसल्यावर हे स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही:

"क्रीम फक्त नवीन केसांना लावा, सांध्याच्या किंचित वर थांबा." "जुन्या केसांना आधी कंडिशनर किंवा व्हॅसलीनचा थर द्या." "आधी मागच्या एका बटेवर लावून बघा." "न्यूट्रलायझर पूर्ण वेळ ठेवा." "इस्त्री खालच्या जुन्या केसांवरून परत परत नको." चांगली पार्लरवाली यातलं निम्मं स्वतःच करते. जी म्हणते "काही होत नाही गो, सगळीकडे एकदमच लावते, शाईन येईल" तिच्याकडून उठून या.

टाळूला आग व्हायला लागली तर सहन करत बसू नका, लगेच सांगा आणि धुवायला लावा. डोळ्यांत पाणी येऊन घसा खवखवायला लागला तर खिडक्या उघडायला सांगा. केराटिन ट्रीटमेंटमध्ये जे असू शकतं त्या फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिडवाल्या स्ट्रेटनिंगनंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस आल्यात, २०२४ मध्ये एका तरुण बाईची केस छापून आली होती जिला दर वेळी स्ट्रेटनिंग केल्यावर हाच त्रास झाला. आणि अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त बायकांचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात असं दिसलं की वर्षात चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनर वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर व्हायचं प्रमाण ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. अभ्यासात संबंध दिसला म्हणजे त्यामुळेच झालं असं सिद्ध होत नाही, आणि तिथली प्रॉडक्ट्स वेगळी, पण वर्षातून कमी वेळा लावावं याला मला तरी एवढं कारण पुरतं. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको.

हे सगळं करता करता बऱ्याच जणींना आपले मूळचे केस आवडायला लागतात आणि टचअपच नको वाटतो. तसं झालं तर दोन रस्ते. एक, एकदम सांध्यापर्यंत कापून टाकणं. दोन, वरचीच काळजी चालू ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी तीन-चार सेंटीमीटर सरळ भाग खालून कापत जाणं. खांद्यापर्यंतचे केस असतील तर दुसऱ्या रस्त्याने दीड-दोन वर्षं सहज लागतात, आणि नवीन केस दहा-बारा सेंटीमीटर झाले की गुंता सगळ्यात जास्त होतो, त्या वेळी कंडिशनरची बाटली एक जास्तीची आणून ठेवा.